मागण्याआधी थांबायला शिकूया

ठाण्यातल्या कुठल्याही घरसभेत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ नीट कान देऊन ऐका. वीसेक सेकंदांत ‘आमेन’ झालेलं असतं. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ आणि ‘तुझे राज्य येवो’ यांच्यामध्ये श्वाससुद्धा घेतलेला नसतो. स्पष्टच लिहितो: प्रार्थना आपल्याला पाठ आहे, ती करायला मात्र आपण शिकलेलो नाही. शिकण्यात कमीपणा काहीच नाही. खुद्द शिष्यांपैकी एकाने प्रभूला ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ अशी विनंती केली होती (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय ११). स्तोत्रं म्हणतच लहानाची मोठी झालेली ती यहुदी माणसं, तरी त्यांना विचारावंसं वाटलं.

आदर मनात दाटून येईल आणि मग प्रार्थना करू, अशी वाट बघत बसू नये. आदर सवयीने अंगात मुरतो, आणि सवयीची सुरुवात शरीरापासून होते. अंथरुणात पडल्या पडल्या, एक हात मोबाईलवर ठेवून केलेली प्रार्थना देव ऐकत नाही असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाची तर तीच प्रार्थना असते. पण धडधाकट माणसाने रोज तशीच केली, तर आपण कोणासमोर आलो आहोत याचा विसर पडतो. दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे (दानिएल ६). स्तोत्र ९५ तर सरळ बोलावतंच: या, नमू, गुडघे टेकू.

गुडघे टेकायचे तर फरशीवर थेट नको. चादरीची चौपदरी घडी खाली घ्या, पाठ ताठ ठेवा, टाचांवर बसकण मारू नका. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत. गुडघेदुखी असेल तर खुर्चीच्या कडेशी पुढे सरकून बसा, पायांचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, हात मांडीवर. मागे रेलून बसलं की दोन मिनिटांत डुलकी येते, हा अनुभव सगळ्यांचाच. उभं राहून हात पसरणं आपल्याकडे थोडं परकं वाटतं, पण ती फार जुनी रीत आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या भिंतींवर अशा हात उंचावलेल्या आकृती आजही दिसतात. आणि आपल्या ठाण्यातच १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू मारले गेले. त्यांच्यातल्या याकोबाने आगीत उभं राहून क्रुसासारखे हात पसरून प्रार्थना केली, असं त्याच काळातल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वर्णनात आहे. ज्या शहरात आपण राहतो तिथली ही परंपरा आहे, ती आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

कॅथलिक देवळात पवित्र साक्रामेंतासमोर (प्रभूचं शरीर मानून जपलेल्या भाकरीसमोर) टेकायचा तो उजवा गुडघा, आणि तो जमिनीला लागला पाहिजे. चालता चालता दिलेला अर्धा झोक ही सवय झाली, वंदन नव्हे. आधी पूर्ण थांबा, बाकाचा आधार घ्या, टेका, उठा. ज्यांच्या चर्चमध्ये ही रीत नाही त्यांनी आपल्या रीतीने मान लववावी, पण तीही थांबून.

आता जागेचा प्रश्न. खोलीत जा आणि दार लावून घे, असं मत्तय ६ मध्ये आहे. घणसोलीच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतात, तिथे दार कुठलं लावणार? अशा घरात खोलीऐवजी वेळ राखून ठेवावी लागते. घरातलं पाणी येण्याआधीची पंधरा मिनिटं, किंवा रात्री टीव्ही बंद झाल्यावरची. जागा रोज तीच ठेवा: खिडकीकडचा कोपरा, गॅलरीतलं स्टूल, कुठलीही. फोन दुसऱ्या खोलीत, आणि दुसरी खोली नसेल तर बंद करून डब्यात. पवित्र शास्त्र छापील घ्या. ॲपमध्ये वचन वाचताना वरून सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज सरकतो आणि मन टँकरच्या बिलाकडे जातं.

त्या पंधरा मिनिटांत पहिली दोन मिनिटं काहीही बोलू नका. हेच सर्वांत अवघड आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. उपदेशक ५ मध्ये यासाठी साधं कारण दिलं आहे: देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडे असावेत. दोन मिनिटांनंतर एक स्तोत्र पुटपुटत्या आवाजात वाचा. स्तोत्रांची बहुतेक वचनं दोन भागांत असतात. पहिल्या भागानंतर एक पूर्ण श्वास थांबून मग दुसरा भाग घ्या. मठांमध्ये स्तोत्रगायन असंच चालतं. हा थांबा पाळला की घाई आपोआप मोडते. रोज पाच स्तोत्रं झेपली तर १५० स्तोत्रं महिन्यात होतात, पण सुरुवात करणाऱ्याने एकच घ्यावं. ११९ वं तर १७६ वचनांचं आहे, त्याचे भाग पाडा.

मग प्रभूची प्रार्थना. तिच्यात सात मागण्या आहेत आणि पहिल्या तीन देवाच्या आहेत: त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. भाकर चौथी येते. आपल्या प्रार्थनेत मात्र व्हिसा, नोकरी आणि घराचं कर्ज पहिल्याच वाक्यात येतात. ते मागू नये असं नाही, भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं आहे. क्रम मात्र त्याने ठरवलेला आहे आणि तो का पाळायचा, हे आठवडाभर पाळून बघितल्यावर कळतं. देवाच्या इच्छेपाशी खरोखर थांबलेला माणूस पुढे कर्जाचं मागतो तेव्हा त्याचा सूर बदललेला असतो.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याचा न्हावी होता पेटर बेस्केनडॉर्फ. त्याने ‘प्रार्थना कशी करू’ असं विचारलं, तेव्हा लूथरने १५३५ मध्ये त्याला उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहून दिलं. वस्तऱ्यावर नजर नसलेला न्हावी गिऱ्हाइकाचं नाक कापेल, तसं प्रार्थनेतही लक्ष एका जागी हवं, हे त्याने न्हाव्याच्याच भाषेत सांगितलं. दहा आज्ञांतली प्रत्येक आज्ञा त्याने चार पदरांत घ्यायला शिकवली: यातून मी काय शिकतो, कशासाठी आभार मानतो, कुठे चुकलो, काय मागतो. आणि एखाद्या ओळीपाशी मन भरून आलं तर बाकीच्या सोडून तिथेच शांत राहायचं. कोटा पूर्ण करायचा नसतो.

मन भटकणारच. भटकलं म्हणून स्वतःला रागवत बसलात की त्या रागातच आणखी पाच मिनिटं जातात. ज्या ओळीवर धागा तुटला तिथूनच पुढे चला, पहिल्यापासून सुरू करू नका. जपमाळेतही तेच: मणी चुकला तर मोजदाद सोडून द्या आणि पुढचा मणी हातात घ्या.

ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्यांसाठी एक सोय सुचवतो. आता दिघा गाव धरून दोन्ही टोकांमध्ये सात स्टेशनं आहेत, म्हणजे आठ टप्पे. ठाणे ते दिघा फक्त ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, मग प्रत्येक टप्प्याला एक मागणी. सानपाडा सोडलं की सातवी. डोळे उघडे, ओठ बंद. ही घरातल्या प्रार्थनेची जागा घेत नाही, तिला जोड देते. इजिप्तमधले संन्यासी अशाच छोट्या, बाणासारख्या प्रार्थना वारंवार करत, असं प्राचीन काळातला बिशप ऑगस्टीन याने प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात नोंदवलं आहे.

शेवटी घरसभा घेणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे, कारण नवीन माणूस प्रार्थना तुमच्याकडे बघून शिकतो. दर तीन शब्दांनंतर ‘प्रभू बापा’ येत असेल तर ते देवाचं नाव न राहता श्वास घ्यायची जागा झालेलं असतं; तिथे खरंच श्वास घ्या. आवाज खोलीपुरता ठेवा. प्रार्थनेतून उपदेश करू नका, समोरच्याला जे ऐकवायचं ते डोळे उघडून सांगा. कुणाच्या आजाराचं किंवा घरातल्या भांडणाचं नाव घेऊन जाहीर मागायचं असेल तर आधी त्याची परवानगी घ्या, नाहीतर सोमवारी सगळ्या वाडीत चर्चा असते. प्रत्येक गरजेला एक वाक्य, आणि मध्ये पाच सेकंद शांतता, म्हणजे बाकीच्यांना मनातून सामील होता येतं. लांबलचक प्रार्थनेत लोक ‘आमेन’ची वाट बघतात. तुमची प्रार्थना तीन मिनिटांत आटपा, ‘आमेन’ सगळ्यांना मिळून म्हणू द्या, आणि त्यानंतर चहाचे कप वाजायच्या आधी अर्धा मिनिट कुणीही उठायचं नाही, हे सभेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.