बंद खाणीच्या गावासाठी काही हितोपदेश

आपल्या गावातील खाण बंद पडली असेल, तर सर्वप्रथम काहीही न करण्याचा निश्चय करावा. घाईघाईने दुसरा धंदा मांडणारे पुढे पस्तावतात, कारण खाण उद्या सुरू होणारच असते. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांनी हा अभ्यास मन लावून केला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाचे उत्खनन थांबवले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठवली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करून मार्चच्या मध्यापासून पुन्हा कुलूप ठोकले. त्यानंतर लिलाव झाले, सुनावण्या झाल्या, निवडणुका तर नेमाने झाल्याच. आणि प्रत्येक वेळी ‘खाण अवलंबितांना’ उद्याचीच तारीख मिळाली. ‘अवलंबित’ हे नाव मिळाले की माणसाने दुसरे काही होण्याचे कारणच उरत नाही.

दारातला ट्रक मुळीच विकू नये. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बोटीत चढले, तेव्हा याच ट्रकने खाणीपासून जेटीपर्यंत खेपा मारल्या होत्या आणि त्याचा हप्ता घराच्या हप्त्याआधी भरला जात होता. आता त्याच्या हौद्यात पावसाचे पाणी साचते, चालकाच्या आसनातून काथ्या बाहेर आला आहे, त्यात कोंबडी अंडी घालते आणि पुढच्या चाकावरून दुधी भोपळ्याचा वेल टपावर चढला आहे. भंगारवाला दरवर्षी किंमत उतरवून सांगतो. त्याने व्यापारी दृष्टीचा फार आव आणला, तर लिलावाची बातमी छापलेले वर्तमानपत्र त्याच्यापुढे धरावे.

कोणी शेतीकडे वळण्याचा सल्ला दिला, तर कोणत्या शेतीकडे, असा उर्मटपणाचा प्रश्न विचारू नये. डंपावरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावरची, माती पावसाळ्यात वाहून खालच्या शेतात उतरते आणि उन्हात विटेसारखी घट्ट होते. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी पंपाने उपसून बाहेर टाकावे लागते, मग भोवतालच्या विहिरी आटतात, आणि विहिरीच्या आधारावरचे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भाताचे दुसरे पीक, आपोआप सुटते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आता पंप थांबले आणि परसातल्या विहिरीला पुन्हा पाणी चढले, असे आपल्याला आढळल्यास त्याचा कोठेही बभ्रा करू नये. बंदीचा काही लाभ झाला, असा गैरसमज पसरण्याची भीती असते.

निधीबाबत तर पूर्ण निश्चिंत राहावे. २०१४ च्या निकालाने विक्रीच्या रकमेतील दहा टक्के पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचे ठरवून दिले, तर २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणग्रस्तांसाठी जिल्हा खनिज निधी आणला. दोन्ही निधींची माहिती आपल्याला वर्तमानपत्रातून मिळत राहील. पंचायतीत जाऊन त्यातून आपल्या वाड्यावरचा बांध दुरुस्त होईल का, असे विचारणे म्हणजे दीर्घकालीन नियोजनात क्षुद्र विषय घुसडणे होय.

मधल्या काळात स्वयंरोजगाराची शिबिरे येतील, त्यांना अवश्य जावे, कारण चहा असतो. तेथे अळंबी उत्पादनाचे प्रशिक्षण मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर रानात वारुळांवर उगवणारी अळंबी पानांत गुंडाळून, मोजून, रस्त्याकडेला विकणाऱ्या सत्तरीच्या बायकांना हे प्रशिक्षण कोणी दिले होते, याची चौकशी शिबिरात करू नये; आणि त्यांच्यापैकी एखाद्या म्हातारीने आपले नेहमीचे वारूळ आता डंपाखाली असल्याचे सांगितल्यास तिला प्रमाणपत्र देऊन खाली बसवावे. प्रमाणपत्राला प्लास्टिकचे आवरण घालून घ्यावे, आमच्याकडे ओल फार असते.

दसऱ्याला ट्रकची पूजा चुकवू नये. झेंडूची माळ घालताना टपावरचा वेल मात्र जपावा, कारण त्या ट्रकने यंदा घरात आणलेली मिळकत म्हणजे ते चार भोपळेच आहेत.