कोरमअभावी भांडी तहकूब

टेक्सासात मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं की सरकार फारसं छळत नाही. नोंदणी नाही, परीक्षा नाही, इन्स्पेक्टर नाही. पाच विषय तेवढे झाले पाहिजेत: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि सुजाण नागरिकत्व. यादीत विज्ञान नाही, इतिहासही नाही. म्हणजे पोराला पाणी कशाने उकळतं हे कळलं नाही तरी कायद्याची हरकत नाही, पण तो सुजाण नागरिक मात्र झालाच पाहिजे. बाकीचे चार विषय मी निभावून नेले. या पाचव्याने माझं राज्य खालसा केलं.

माझं स्वतःचं नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली ती बारकी पानं. सरपंचाची कामं आणि ग्रामसेवकाची कामं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, एवढंच त्यातलं कौशल्य. इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेलाही तीच घोकंपट्टी कामाला आली. तेव्हा 100 प्रश्नांची यादी असायची, त्यातले 10 विचारायचे, 6 बरोबर आले की पास. सिनेटर किती? 100. प्रतिनिधी किती? 435. घटनादुरुस्त्या किती? 27. त्या अधिकाऱ्याने एकदाही 'का?' असं विचारलं नाही. भला माणूस. "435च का?" हे मला विचारलं ते थोरल्याने, आमच्या जेवणाच्या टेबलावर. (1929च्या कायद्याने आकडा तिथेच बांधून टाकला म्हणून. तेव्हापासून देशाची लोकसंख्या अडीच पटींहून जास्त वाढली, खुर्च्या तेवढ्याच.)

पण खरी ठिणगी पडली ती सत्ताविभाजनाच्या धड्याला. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. मी मोठ्या उत्साहात सांगितलं की 1788 मध्ये अमेरिकन घटनेचा शिल्पकार जेम्स मॅडिसनने लिहून ठेवलंय, तिन्ही सत्ता एकाच हातात गोळा झाल्या की तीच जुलूमशाही. दोन्ही मुलं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"घरातले नियम कोण करतं?" धाकटीने विचारलं. मी गप्प.

"राबवतं कोण?" थोरला. "आणि मार्कांविरुद्ध अपील कुणाकडे करायचं?"

पेपर काढणारी मी, तपासणारी मी, हजेरी माझी, शेवटी ट्रान्सक्रिप्टवर सही माझी आणि डिप्लोमाही मीच छापणार. न्यायसंस्था तरी स्वतंत्र असावी म्हणून मुलांनी नवऱ्याला सुप्रीम कोर्ट नेमलं. त्याने लॅपटॉपवरून मान न उचलता निकाल दिला, "हे प्रकरण आमच्या अधिकारकक्षेत येत नाही." आजतागायत त्याच्या समोर आलेली झाडून सगळी प्रकरणं त्याने याच मुद्द्यावर काढून टाकली आहेत.

पुढचं सगळं ओघाने आलं. बाथरूमच्या फरशीवरच्या ओल्या टॉवेलबद्दल विचारलं की धाकटी पाचवी दुरुस्ती पुढे करते: स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही. कपाट उघडायला गेलं तर चौथी दुरुस्ती: वॉरंट दाखव. एवढ्यावर भागलं असतं, पण भारतातून आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना थोरल्याची खोली दिली आणि थोरल्याला हॉलमधला सोफा. दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली नोटीस. तिसरी घटनादुरुस्ती, 1791: शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीशिवाय कोणाही सैनिकाला घरात उतरवता येणार नाही. ही दुरुस्ती इतकी दुर्लक्षित आहे की सुप्रीम कोर्टाने अजून एकही खटला मुख्यतः तिच्या आधारावर निकाली काढलेला नाही. आमच्याकडे मात्र ती दाखल होऊन सुनावणीला आली.

मी म्हटलं, "मालकाची संमती आहे. मालक तुझा बाबा."

"बँक," नवरा आतून म्हणाला. सुप्रीम कोर्टाला बोलायचं नेमकं तेव्हाच सुचतं.

थोरल्याने 1982चा न्यू यॉर्कचा एक खटला काढला. संपावर गेलेल्या तुरुंगरक्षकांच्या निवासात नॅशनल गार्ड या राखीव फौजेचे जवान उतरवले होते. तिथे अपील कोर्टाने मानलं की हे संरक्षण घराच्या मालकापुरतंच नाही, हक्काने राहणाऱ्यालाही आहे. मुद्दा जड होता. (व्याकरणाचा अभ्यास एवढ्या मन लावून केला असता तर!) मग मी हुकमाचं पान टाकलं: आबा निवृत्त आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सैनिकच नाहीत. खटला संपला होता. तेवढ्यात सोफ्यावरून आबा ताठ उठले आणि कडाडले, "सैनिक कधी निवृत्त होत नसतो!"

आबांना त्या रात्रीपासून माझी अभ्यासाची खोली मिळाली.

पुस्तकात विधेयकाचा कायदा कसा होतो याचा एक तक्ता असतो, बाणांचा. समिती, सभागृह, दुसरं सभागृह, राष्ट्राध्यक्षांची सही. तो तक्ता कुठल्याही मुलाच्या लक्षात राहत नाही, असं माझं ठाम मत झालंय. विधेयक मारायचे जेवढे म्हणून मार्ग आहेत ते मात्र एका बैठकीत पाठ होतात. पॉकेट व्हेटोचंच बघा. राष्ट्राध्यक्षांनी विधेयक दहा दिवस नुसतं दाबून ठेवलं, रविवार सोडून, आणि तेवढ्यात काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं, अधिवेशन संपलं, तर ते आपोआप मरतं. थोरल्याला गवत काप म्हटलं तर तो 'हो' म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही. रविवार मोजत नाही.

शेवटी लोकशाहीची हौस फिटावी म्हणून घराची रीतसर विधानसभा केली. चार सदस्य, दोन तृतीयांश कोरम, म्हणजे किमान तीन जण हजर. आबा निरीक्षक, मताधिकार नाही. पहिलंच विधेयक माझं: रात्रीची भांडी मुलांनी धुवायची. मतं दोन-दोन पडणार, मग नवऱ्याला अध्यक्ष म्हणून निर्णायक मत द्यायचं, अशी माझी पक्की मोर्चेबांधणी होती. सभेच्या वेळेला घरात मुलंच नाहीत. फोनवर धाकटीचा निरोप: "आम्ही राज्याबाहेर आहोत." राज्याबाहेर म्हणजे शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये.

हे मीच शिकवलं होतं. टेक्सासच्या सभागृहात 150 सदस्य, कोरम 100चा. नको असलेलं मतदान टळावं म्हणून विरोधी आमदार 2003 मध्ये ओक्लाहोमाला, 2021 मध्ये वॉशिंग्टनला आणि 2025 मध्ये इलिनॉयला निघून गेले. सभापती वॉरंट काढू शकतात, पण ते चालतं राज्याच्या हद्दीत. मी आबांना हुकूम दिला, दोघांना धरून आणा. आबा कडक पावलं टाकत गेले ते तासाभराने परतले, ओठावर चॉकलेट आईस्क्रीम घेऊन. सभा तहकूब. भांडी मी धुतली, त्यातली एक कढई जरा जास्तच आवाज करत.

सत्र संपताना निबंध घेतला. थोरल्याने इलेक्टोरल कॉलेजवर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळावर, सहा ओळी लिहिल्या, त्यातही एका ओळीत 538 (एकूण मतं) आणि 270 (जिंकायला लागणारी) हे आकडे नुसते मोठ्या अक्षरांत. मी 'सी' दिला. त्याने शांतपणे ग्रेगरी वॉटसनचं प्रकरण पुढे ठेवलं. 1982 मध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या या विद्यार्थ्याने निबंध लिहिला की खासदारांच्या पगाराबद्दलची 1789ची दुरुस्ती अजून जिवंत आहे, राज्यांनी आजही मंजूर केली तर घटनेत येईल. त्याला 'सी' मिळाला. गड्याने राज्याराज्यांना पत्रं लिहून 1992 मध्ये ती खरोखर मंजूर करवून आणली. तीच सत्ताविसावी. आणि 2017 मध्ये विद्यापीठाने त्याचा 'सी' बदलून 'ए' केला.

"म्हणजे 35 वर्षांनी," मी म्हटलं. "तूही थांब. तेव्हा मी ऐंशीच्या घरात असेन, निवांत फेरतपासणी करीन."

"थांबतो," तो म्हणाला. "पण तोपर्यंत भांड्यांना हात लावणार नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

टेक्सासात जन्मलेल्या पोराच्या तोंडात हा शब्द आला कुठून? मी आबांकडे वळले. ते रोज वर्गात मागे बसून मोबाईलवर मराठी पेपर वाचतात, ऐकत नाहीत असं मला वाटायचं.

"आबा, हे तुम्ही शिकवलंत?"

आबांनी पाचवी दुरुस्ती पुढे केली. आणि ती परदेशी पाहुण्यालाही लागू आहे, घटनेत तिथे 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' लिहिलंय, हेही वर सुनावलं.