रानवेडा यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ओसाड बेटावरचं गवत उपटून काय मिळतं

रानवेडा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली दोन ओळीत उत्तर मावेना म्हणून इथे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की दक्षिण जॉर्जिया, मॅक्वारी असल्या अंटार्क्टिकाच्या बाजूच्या, जगाच्या टोकावरच्या बेटांवर माणूस राहत नाही, तिथे बाहेरून आलेली चार गवतं उपटायला लाखो डॉलर उधळायचे, वारा आणि पक्षी बिया नेतातच तर निसर्ग आपलं आपण बघून घेईल, आधी ससे मारले, हरणं मारली, हेलिकॉप्टरमधून विष टाकलं, आता तणनाशक, आणि एवढं सगळं करून पोआ अ‍ॅनुआ नावाचं मुख्य गवत तसंच ठेवलं, म्हणजे शुद्ध ढोंग. वर शेवटी टोमणा की हे सगळं शास्त्रज्ञांना फुकट फिरायला मिळावं म्हणून.

आधी एक घोळ निस्तरतो. हेलिकॉप्टरमधून टाकलं ते उंदीर-सशांसाठीचं विषारी आमिष होतं, तणनाशक नव्हे. तणनाशक माणूस पाठीवर पंप घेऊन, एकेक रोप शोधत, त्या रोपापुरतं मारतो. आपल्याकडे शेतात बांधाच्या कडेने मारतात तसंच, फक्त तिथे वारा असा की अर्धे दिवस पंप उचलताच येत नाही.

आता वारा-पक्ष्यांचं. हा मुद्दा ऐकायला एकदम बरोबर वाटतो, पण जरा आकडे बघा. मॅक्वारी हे टास्मानियापासून दीडेक हजार किलोमीटरवर, समुद्राचा तळच वर उचलला जाऊन तयार झालेलं बेट आहे, कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं, आणि पाण्याबाहेर येऊन त्याला साधारण सहा-सात लाख वर्षं झाली. म्हणजे तिथलं प्रत्येक झुडुप वाऱ्याने, लाटेने नाहीतर पक्ष्याच्या पायाला चिकटूनच आलंय, तुम्ही म्हणता तसंच. पण एवढ्या काळात तिथे टिकलेल्या फुलझाडांच्या आणि नेच्यांच्या जाती किती, तर चाळीसेक. तिकडे दक्षिण जॉर्जियात १९०४ साली ग्रिटविकेनला व्हेल मारणाऱ्यांचं पहिलं स्टेशन झालं, मग बोटींबरोबर चारा, माती, जनावरं सगळं आलं, आणि आज तिथे मूळच्या जाती जेमतेम पंचवीस असताना बाहेरून आलेल्या त्याहून जास्त नोंदल्या गेल्यात. शंभर-सव्वाशे वर्षांत! त्यामुळे "बिया तशाही जातातच" हे खरं असलं तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही, प्रश्न वेगाचा आहे.

आणि त्या बिया नेतं कोण? २००७-०८ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बूट, बॅगा व्हॅक्यूम करून तपासल्या होत्या. ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे सरासरी साडेनऊ बिया माणशी, आणि पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांकडे जास्त निघाल्या. शास्त्रज्ञांवरचा तुमचा राग तिथे लावलात तर मी तुमच्या बाजूने आहे :) बूट घासणं, खिसे उलटे करून झटकणं, वेल्क्रोत अडकलेलं कुसळ चिमट्याने काढणं ही सगळी कटकट त्यामुळेच करायला लावतात. १९९१ च्या माद्रिद कराराने अंटार्क्टिकात परवान्याशिवाय बाहेरची जात नेणं बंद आहे आणि ते गोव्याच्या वास्कोमधून आखणी होणाऱ्या आपल्या मोहिमांनाही, म्हणजे मैत्री आणि भारती या तिथल्या आपल्या तळांवर जाणाऱ्यांनाही, तितकंच लागू आहे.

आता मुख्य मुद्दा, ससे आणि हरणं. तुम्ही "आधी प्राणी मारले, आता झाडं" असं लिहिलंय जणू या दोन वेगळ्या हौशी आहेत. तसं नाहीये. दक्षिण जॉर्जियात नॉर्वेच्या व्हेलवाल्यांनी १९११ साली मांसासाठी आणि शिकारीसाठी रेनडिअर आणून सोडले. ते तिथलं मूळचं, झुबक्यांनी वाढणारं उंच टसॅक गवत खात सुटले, त्याच टसॅकच्या बुडाशी समुद्रपक्षी बिळं करतात. जे गवत कितीही चरलं, तुडवलं तरी पुन्हा फुटतं ते म्हणजे तुमचं पोआ अ‍ॅनुआ, त्यामुळे टसॅक गेलं तिथे याचं लॉन झालं. २०१३ पासून रेनडिअर हटवले, सहा हजारांच्या वर निघाले, त्याच सुमारास उंदरांचं कामही झालं आणि २०१८ ला बेट उंदीरमुक्त जाहीर केलं. पण चरणारं तोंड गेलं की फक्त टसॅकच वाढतं का? इतकी वर्षं व्हेल स्टेशनच्या आसपास दबून बसलेली बाहेरची तणं पण डोकं वर काढतात, आणि आता त्यांना खाणारं कोणी नाही. म्हणजे हरणं काढून तणांकडे दुर्लक्ष केलं असतं तर अर्धवट काम झालं असतं, आणि ते काहीच न करण्याहून वाईट. एकदा तिथे पाय ठेवल्यावर "आता निसर्गावर सोडा" म्हणायचा पर्याय आपण १९०४ लाच घालवलाय.

विषाने पक्षीही मेले असं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि ते कोणी लपवलेलं नाही. मॅक्वारीवर सशांसाठी आमिष टाकलं तेव्हा मेलेले ससे खाऊन जायंट पेट्रेल, स्कुआ असे पक्षी मेले, सापडलेले मृत पक्षी दोन हजारांच्या वर होते. २०१० ला खराब हवामानामुळे काम मधेच थांबवावं लागलं, आणि मग २०११ च्या फेरीआधी सशांमधे कॅलिसी हा सशांना मारणारा व्हायरस सोडला, हेतू हा की विष टाकण्याआधीच ससे कमी व्हावेत आणि विषारी मढी कमी पडावीत. मग कुत्रे घेऊन माणसं बेटभर हिंडली, २०१४ ला बेट मोकळं जाहीर झालं. खर्च अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात. जास्त आहे? आहे. पण सशांनी उतार असे पोखरले होते की २००६ ला लुसिटानिया बे इथे दरड पेंग्विनांच्या वसाहतीवर कोसळली. न मारण्याचीही किंमत होती, ती फक्त कुठल्या बजेटमधे दिसत नव्हती.

मग पोआ अ‍ॅनुआ का सोडलं? कारण ते मॅक्वारीवर सगळीकडे आहे, सील आणि पेंग्विनच्या खताने माजलंय, जमिनीत बियांचा साठा आहे, संपवायचं म्हटलं तर सगळं बेटच फवारावं लागेल. ते कोणी करणार नाही आणि करूही नये. त्याच बेटावर दुसऱ्या दोन बाहेरच्या जाती, त्यातला एक आंबटचुक्याच्या जातकुळीतला, एखाद-दुसऱ्या जागी होत्या तेव्हाच काढून टाकल्या आणि विषय संपला. एकीकडे हात टेकायचे आणि दुसरीकडे शेवटचं रोप निघेपर्यंत मागे लागायचं, याला तुम्ही ढोंग म्हणता, मी हिशोब म्हणतो. तण किती वाईट आहे यावर सगळं ठरत नाही, ते संपवता येईल का हे आधी बघायचं.

माझं आवडतं उदाहरण सिएर्व्हा पॉईंटचं. ते बेट नाही, अंटार्क्टिक द्वीपकल्पावरची जागा आहे. १९५४ च्या सुमारास तिथे प्रयोग म्हणून झाडं नेऊन लावली, ती मेली, पण त्यांच्या मातीतून आलेलं एक गवत जगलं आणि तिथेच छोटासा पट्टा करून बसलं, साठ वर्षं! जानेवारी २०१५ मधे ते मुळा-मातीसकट उचललं. ते दूरवर पसरेपर्यंत थांबले असते तर तेच काम अशक्य झालं असतं.

उलटं उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या मॅरियन बेटाचं. तिथे सॅजायना नावाचं शेवाळासारखं दिसणारं चिमुकलं तण १९६५ मधे माणसांच्या तळाजवळ सापडलं, कोणी फारसं मनावर घेतलं नाही, आता ते बेटभर आहे, आणि वीसेक किलोमीटरवरच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरही पोचलं. १९९८ ला तेच दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर सापडलं, बहुतेक मॅरियनहूनच सामानाबरोबर आलेलं. तिथे मात्र लगेच मागे लागले: उकळतं पाणी ओतलं, तणनाशक मारलं, वरची माती खरवडून काढली. बी धुळीएवढं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं टिकणारं, त्यामुळे एकदा केलं आणि झालं असं नसतं, परत परत जाऊन बघावंच लागतं.

गाजरगवताचं तुम्ही लिहिलंत, "आधी घरचं बघा". अगदी मान्य. पण ते १९५५ च्या आसपास पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं तेव्हा मोजकी झाडं होती. नंतर १९८४ ला ते खाणारे मेक्सिकन भुंगे सोडले, मोहिमा काढल्या, पावसाळ्यात आजही रस्त्याच्या कडेला बघा काय दिसतं ते. घरचं उदाहरण तुमच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने जातं.

राहता राहिलं फुकट फिरणं. गॉफवर सॅजायना समुद्राकडच्या कड्यांवर पण आहे, त्यामुळे तिथे कडे उतरण्यात तरबेज माणसं दोर बांधून कड्यावरून उतरतात आणि लोंबकळत, नखाएवढी रोपं शोधत एकेक मारतात, पावसात, वाऱ्यात, आठवडेच्या आठवडे. तुम्हाला यायचं असेल तर मी शिफारस करायला तयार आहे, फक्त बूट घासून या.