घर विकायला काढलंय? मग आधी घेणाऱ्याच्या बाजूने हिशोब मांडून बघा

सध्या आमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी जुने फ्लॅट विकायला काढलेत, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. लोक येतात, बघतात, चहा पितात आणि भलताच भाव पाडून मागतात. "काही किंमतच नाही हो लोकांना!" मला हे अजिबात पटत नाही. गेल्या वर्षी सासूबाईंचा कोथरूडचा टू बीएचके आम्ही विकला आणि त्याच सुमारास धाकटे दीर-जाऊ स्वतःसाठी रिसेलचा फ्लॅट शोधत होते, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही बाजूंची बोलणी जवळून ऐकायला मिळाली. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की बहुतेक घेणारे भाव पाडत नसतात, त्यांचा हिशोबच वेगळ्या जागेवरून सुरू होतो.

विकणारा काय धरतो? घेतलं तेव्हा इतक्याला घेतलं, मग किचनचा ओटा बदलला, सागवानी कपाटं केली, बाथरूमच्या टाइल्स, ग्रिल, बाल्कनी बंद करून घेतली, आणि शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट म्हणे नव्वदला गेला. या सगळ्याची बेरीज म्हणजे आपला भाव.

घेणारा यातलं जवळपास काहीच धरत नाही. तो महिन्याच्या हप्त्यापासून मागे मागे येतो. समजा फ्लॅट ८० लाखांचा आहे. ३० ते ७५ लाखांच्या होम लोनला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तसा. म्हणजे ६४ लाख लोन, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. राहिलेले १६ लाख खिशातून. वर पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे ५ लाख ६० हजार (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, आणि या दोन्हीला बँक सहसा लोन देत नाही. झाले जवळजवळ २२ लाख रोख. त्यात ब्रोकर, वकील, रंगकाम, शिफ्टिंग. आपल्याला दिसतात ८० लाख, त्याला दिसतात हे २२ लाख आणि तो हप्ता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. बँक आपला व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत काढणारा माणूस, पाठवते आणि तो माणूस सागवानी कपाटाकडे बघतही नाही. बिल्डिंग किती जुनी, मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम आहे का, कारपेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती, आसपास काय भावाने व्यवहार झाले, एवढंच बघतो. त्याने जर ७२ लाख लावले तर बँक ८० टक्के देणार ते ७२ वर, म्हणजे ५७ लाख ६० हजार. सहा लाख चाळीस हजारांचा खड्डा एका दिवसात पडला आणि तो कर्जाने भरता येत नाही, रोख उभे करावे लागतात. दीर-जावेच्या बाबतीत अगदी हेच झालं, त्यांना घर मनापासून आवडलेलं होतं, तरी सोडावं लागलं, आणि त्या विकणाऱ्या काकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की ही पोरं उगाच घासाघीस करतायत. मला त्या दिवशी दोन्ही बाजूंचं वाईट वाटलं. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

दुसरी गोष्ट कारपेटची. जुन्या ॲग्रीमेंटमध्ये एरिया बिल्टअप (भिंती धरून) किंवा सेलेबल (जिना, लॉबीचा वाटाही धरून) लिहिलेला असतो. आपण म्हणतो आमचा हजार स्क्वेअर फुटांचा फ्लॅट, ८० लाख म्हणजे आठ हजारांचा रेट, स्वस्तच की. पण २०१७ ला रेरा, म्हणजे बिल्डरांवर वचक ठेवणारा कायदा, आल्यापासून नवीन प्रोजेक्टमध्ये एरिया कारपेटवर सांगावा लागतो, त्यामुळे आजचा घेणारा घरात आल्या आल्या विचारतो, कारपेट किती? आणि मोजून ७२० भरला तर त्याच्या डोक्यात रेट अकरा हजारांच्या वर गेलेला असतो, मग तो नव्या बिल्डिंगशी तुलना करतो, तिथे लिफ्ट, जनरेटर, पार्किंग सगळं असतं. आपण एका मापाने बोलतोय आणि तो दुसऱ्या, हे लक्षात न घेता अर्धा तास बोलणी चालतात. बंद केलेली बाल्कनी तर कारपेटमध्ये धरायचीच नसते, ती नकाशात बंद दाखवलेली नसेल तर उलट वकील त्यावरच बोट ठेवतो.

पार्किंगचंही तसंच, ॲग्रीमेंटमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी सोसायटीचं अलॉटमेंट लेटर दाखवा म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे जातात ते कागदांपायी, आणि याकडेच आपण सगळ्यात कमी बघतो. रंगाला लाखभर घालवू पण सोसायटीच्या ऑफिसात जाऊन शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) बघणार नाही. घर आजोबांच्या नावावर, ते गेल्यावर नॉमिनी म्हणून मोठ्या काकांचं नाव लागलं आणि सगळे समजून चालले की झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे! बाकीच्या वारसांचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र नसेल तर घेणाऱ्याचा वकील फाइल तिथेच बंद करतो, किंवा घेणारा म्हणतो बघतो, आणि मग पाच लाख कमी करून मागतो. ते पाच लाख त्याच्या लोभाचे नसतात, त्याच्या भीतीचे असतात. आयुष्यभराची कमाई घालून उद्या अमेरिकेतला एखादा भाचा उभा राहिला तर? आधीच्या सगळ्या ॲग्रीमेंट्सची साखळी, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीचं नो ड्यूज, प्रॉपर्टी टॅक्सच्या पावत्या, स्वतःचं लोन फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र. हे एका फायलीत लावून ठेवलेलं असलं की बोलण्याचा सूरच बदलतो, आमच्याकडे आलेल्या लोकांमध्ये मी हे स्पष्ट बघितलं. सासूबाईंनी सासऱ्यांच्या वेळेपासूनची पावती न पावती जपली होती, आणि ज्या कुटुंबाने शेवटी घर घेतलं त्यांच्या वकिलांनी ती फाइल बघून पुढच्या शंकाच काढल्या नाहीत.

"आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट होणारे, तेव्हा दुप्पट होईल" हे सांगून भाव वाढवणारे खूप आहेत. कोथरूड, एरंडवण्यात तर घरोघरी हेच. त्यात खोटं काही नसेलही, पण जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावावर झालेलं नाही, मीटिंगमध्ये दोन गट पडलेत, बिल्डर ठरायचाय, तर घेणाऱ्याने त्या आशेचे पैसे आज का द्यावेत? डीम्ड कन्व्हेयन्सची (बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तर सरकारकडून मिळणारी) ऑर्डर हातात असेल तर दाखवा, तिला नक्की किंमत मिळते. मेट्रोची गोष्ट वेगळी, वनाज ते गरवारे कॉलेज २०२२ च्या मार्चपासून धावतेय, ती दिसते, चालत किती मिनिटं लागतात ते मोजता येतं, म्हणून लोक तिचे पैसे देतात.

तसंच ताज्या रंगाचं. एकाच भिंतीला नवा रंग दिसला की लोक आधी तिथेच हात लावून ओल बघतात. गळती असेल तर सरळ सांगावं आणि दुरुस्त करून घ्यावं. कारण घेणारे हुशार झालेत, पावसाळ्यात एक चक्कर मारतात, वॉचमनला टँकर येतो का विचारतात, खालच्या मजल्यावरच्यांशी बोलतात.

आणि एक गोष्ट रागाने लिहितेय. "आमच्याकडे फक्त अमुक लोकांनाच देतो", नॉनव्हेज खाणारे नकोत, आडनाव विचारून मग फ्लॅट दाखवणार. हे चूक आहे, माणूस म्हणून चूक आहे, आणि वर अशीच माणसं गिऱ्हाईक येत नाही म्हणून तक्रार करतात.

आपल्याला कॅपिटल गेन टॅक्स किती बसणार, मुलाच्या शिक्षणाला किती लागणार, नव्या घराला किती कमी पडतायत, हे आपले प्रश्न आहेत आणि खरे आहेत. पण त्यांची बेरीज करून भाव काढला तर घर महिनोन् महिने पडून राहतं, आणि फार दिवस पोर्टलवर असलेल्या घराबद्दल लोक विचारतात की यात काहीतरी भानगड आहे का.

मग भाव काढायचा कसा? शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नको, ब्रोकरच्या पहिल्या आकड्यावरून तर मुळीच नको, काही जण काम आपल्याला मिळावं म्हणून मुद्दाम चढा आकडा सांगतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, फुकट आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर (शहरातल्या जमिनीचा सरकारी नंबर) टाकला की झालेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात, त्यात मोबदला आणि बाजारभाव दोन्ही लिहिलेले असतात. आपल्याच बिल्डिंगमधला शेवटचा फ्लॅट खरंच नव्वदला गेला की ७६ ला, ते तिथे दिसतं. काही ठिकाणी थोडी रक्कम कागदाबाहेर दिलेली असते हे मलाही माहितीये, पण बँक आणि व्हॅल्युअर कागदावरचंच बघणार. सोबत रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला) दर बघा, कारण मोबदला त्याच्या खाली ठरला तरी स्टॅम्प ड्युटी रेकनरच्याच आकड्यावर भरावी लागते आणि घेणारा ती रक्कम धरूनच बोलत असतो.

आम्ही हेच केलं. प्रिंट काढून सासूबाईंसमोर ठेवले, त्यांनी चष्मा लावून एकेक वाचला आणि त्यांनी स्वतःच आकडा ठरवला, आमच्या मनातल्यापेक्षा थोडा कमी. त्याच आकड्याच्या आसपास घर गेलं, व्हॅल्युएशनही अडलं नाही.

ई-सर्चमध्ये गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर कुठून काढायचा हे बऱ्याच जणांना कळत नाही, तो तुमच्या जुन्या ॲग्रीमेंटमध्ये मागच्या बाजूला शेड्यूल असतं त्यात मिळेल. तरी अडलं तर कमेंटमध्ये विचारा, मला जेवढं माहितीये तेवढं नक्की सांगेन.