गोड बोलणारा घरमालक

पुण्यात दलालाशिवाय भाड्याचे घर शोधू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती अशी की घरमालक पहिल्याच फोनवर अतिशय अदबीने बोलू लागला, तर तो बहुधा घरमालक नसतो.

कोथरूडमधल्या सर्व सामानासह दोन बेडरूमच्या फ्लॅटची जाहिरात मी पाहिली, त्यात भाडे अवघे १२,००० रुपये होते. छायाचित्रे देखणी होती. फक्त एका छायाचित्रात बाल्कनीतून समुद्र दिसत होता, आणि कोथरूडात एवढा पाऊस झाल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. तरीही कुतूहलापोटी मी फोन केला.

पलीकडच्या गृहस्थांनी "जय हिंद, सर" अशी सुरुवात केली. ते सैन्यात असून त्यांची बदली जम्मूला झाली होती, त्यांना भाड्यापेक्षा सज्जन माणूस महत्त्वाचा वाटत होता, आणि माझा सज्जनपणा त्यांनी मी "हॅलो" म्हणताक्षणीच ओळखला होता. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर ओळखपत्र, गणवेशातला फोटो आणि आधार कार्ड असा अहेर आला. कुणा खऱ्या जवानाची कागदपत्रे अशी गावभर फिरवली जातात, हे त्यातले सर्वांत संतापजनक. पण ते सोडले तरी, मागितल्याशिवाय आधार कार्ड पाठवणारा घरमालक मी आजवर पाहिलेला नाही. घर बघायला केव्हा येऊ, असे विचारताच सोसायटीच्या गेटपासचे २,५०० रुपये आधी भरावे लागतील, आणि ते नंतर परत मिळतील, असे कळले. मी का कू करताच त्यांनी एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला की म्हणे उलट माझ्याच खात्यात पैसे जमा होणार होते. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्यानंतर मात्र त्यांची भाषा अगदी खऱ्या घरमालकासारखी झाली.

अस्सल घरमालक मला त्याच भागात, एका जुन्या सोसायटीत भेटले. त्यांनी बसा म्हणण्याआधी भिंतीला खिळे ठोकता का, असे विचारले, तेव्हाच माझा निम्मा संशय फिटला. तरी उरलेल्या निम्म्यासाठी मी धीर करून म्हणालो, "काका, घराचा इंडेक्स टू बघायला मिळेल का?"

खोलीत शांतता पसरली. वास्तविक इंडेक्स टू म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा गोषवारा. त्यात घेणारा, देणारा आणि मिळकतीचे वर्णन असते, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही शोधता येतो. एखादा भाडेकरूच मालक बनून दोन-चार जणांकडून डिपॉझिट गोळा करतो आणि गायब होतो, असे प्रकार याच कागदावर उघडे पडतात. परंतु काकांच्या चेहऱ्यावरून मी त्यांच्या कुळाचा दाखला मागितला आहे असे वाटत होते. "अहो, वीज बिल आहे ना!" ते गरजले. वीज बिलावर कधीकधी बिल्डरचेच नाव वर्षानुवर्षे राहते, असे मी पुटपुटलो.

शेवटी फाईल आली. इंडेक्स टूवर आणि मालमत्ता कराच्या बिलावर काकांचे नाव कुठेही नव्हते. घर काकूंचे होते. इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकू तेव्हा पुढे येऊन खुर्चीवर बसल्या, आणि काकांनी आपण होऊन चहा टाकला. काकांनी ठरवलेले भाडे काकूंनी तिथल्या तिथे हजाराने वाढवले, ही या शोधमोहिमेची मला पडलेली किंमत.

नोटरीकडे साध्या स्टॅम्पपेपरवर काम भागेल, हा काकांचा स्वयंपाकघरातून आलेला सल्ला मी नाकारला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारीही मालकाची असते. ऑनलाइन नोंदणीत मालकाचा आधार कार्डाशी जोडलेला अंगठा घेतला जातो, तेव्हा तोतयाची पंचाईत होते. काकूंची मात्र वेगळीच पंचाईत झाली: आयुष्यभर भांडी घासून झिजलेला त्यांचा अंगठा यंत्र ओळखेना. डिपॉझिट त्यांच्याच खात्यात, तेही करार झाल्यावर भरीन, असे मी आधीच सांगितले असल्यामुळे त्या माझ्याकडेच रागाने पाहत होत्या. अखेर दुसरे बोट चालले.

"आता तुमची कागदपत्रे काढा," काकू म्हणाल्या. आधार, नोकरीचे पत्र, पोलिसांकडे देण्याची भाडेकरूची माहिती, सगळे त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले, आणि मग माझ्या देखत माझ्या आधीच्या घरमालकांना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला.

"माणूस सरळ आहे," पलीकडून आवाज आला, "पण घरपट्टीची पावती मागतो."