सात नंबरचे पंधरा यार्ड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ठाणेकर,

प्रतिक्रियेवर हेच नाव आहे, म्हणून मीही तेच वापरतो. उत्तराला दोन दिवस लागले. घाईत लिहिलं असतं तर नुसता स्वतःचा बचाव झाला असता.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की नवा गोल्फ सेट घेण्याआधी हातातला सेट मोजून घ्या. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी स्वतःच क्लब फिटिंगचे, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या खेळाडूच्या मापाला जुळवून देण्याचे, पैसे घेतो, तेव्हा या सल्ल्याचा अर्थ ‘दुकानात जाऊ नका, माझ्याकडे या’ एवढाच. चार महिन्यांपूर्वी तुम्ही कुणाकडूनही काही मोजून न घेता सव्वा लाखाचा आयर्न (धातूच्या पात्याचे, नंबर घातलेले क्लब) सेट घेतलात, सात नंबरच्या क्लबने बॉल पंधरा यार्ड लांब जायला लागला आणि जुना सेट माळ्यावर गेला. फिटिंग हे सिंगल हँडिकॅपवाल्यांचं काम (हँडिकॅप म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला), चोवीस हँडिकॅपच्या माणसाला त्याचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंत.

पैशांचं आधी बोलू. तुमचा संशय रास्त आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने तो घ्यावा. मी क्लब विकत नाही. ग्रिप (मुठीचं रबर) आणि शाफ्ट (क्लबची दांडी) विकतो, त्यात मला थोडं सुटतं. फिटिंगची फी वेगळी असते आणि तुम्ही पुढे काही घेतलंत किंवा नाही घेतलंत तरी ती तेवढीच राहते. कुठल्याही फिटरकडे जाल तेव्हा हे तोंडावर विचारा. ‘फी खरेदीत वळती करून देऊ’ हे ऐकायला छान वाटतं, पण मग त्या माणसाचं घर तुमच्या खरेदीवर चालतं. तो खोटं बोलेलच असं नाही. मात्र ‘तुमचं आहे तेच ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघायला जड जातं. मी हे अनुभवाने सांगतो. या धंद्यात येण्याआधी मी एका दुकानातून महागडा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) घेतला. शाफ्ट माझ्या स्विंगला फार कडक होता. बॉल उजवीकडे पळायचा आणि मी दोन वर्षं स्वतःच्या स्विंगला दोष देत राहिलो. त्या दिवशी दुकानात कुणी मला माझ्या जुन्या ड्रायव्हरने दहा बॉल मारायला सांगितले असते, तर ती दोन वर्षं वाचली असती.

आता तुमचे पंधरा यार्ड. ते खरे आहेत, मी नाकारत नाही. फक्त ते कुठून आले ते बघू. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३५ अंश असायचा. लॉफ्ट म्हणजे फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, किती मागे कललेली आहे तो कोन; तो कमी तितका बॉल लांब जातो. आज तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी बनणाऱ्या सेटमध्ये तोच सात नंबर २८ ते ३० अंशांचा येतो, आणि शाफ्टही बऱ्याचदा थोडा लांब असतो. दोन आयर्नमध्ये साधारण चार अंशांचं अंतर धरतात. म्हणजे तुमच्या नव्या सातावर आकडा सातचा आहे, पण लॉफ्ट जुन्या सहाचा, कधी कधी पाचाच्या जवळचा. तुमचा जुना सहा किती जायचा ते आठवून बघा.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. नव्या आयर्नचं वजन खाली आणि मागे असतं, फेस पातळ असतो, त्यामुळे कमी लॉफ्ट असूनही बॉल बऱ्यापैकी वर उठतो. ती कारागिरी खरी आहे. पण ज्यांचा स्विंग संथ आहे, त्यांचा बॉल या कमी लॉफ्टने कमी फिरतो आणि सपाट कोनात खाली येतो. पावसाळ्यात ते लक्षात येत नाही, कारण ग्रीन (होलभोवतीची बारीक गवताची जागा) मऊ असतं. एप्रिल-मेमध्ये ग्रीन कडक झालं की बॉल पडतो पुढच्या भागात आणि थांबतो मागच्या गवतात. तुम्ही सेट घेतलात पावसाच्या तोंडावर. उन्हाळ्यात मला कळवा, खरंच.

शिवाय सेटच्या खालच्या टोकाला एक भोक पडतं, त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. सगळेच लॉफ्ट खाली ओढले की पिचिंग वेजही (वेज म्हणजे जवळच्या शॉटचा क्लब) ४३-४४ अंशांवर येतो. पूर्वी तो ४८च्या आसपास असायचा. सँड वेज मात्र ५६लाच राहिलाय. मधे बारा अंशांची दरी. ऐंशी यार्डांवरून तुम्ही काय मारता? पिचिंग वेज हळू मारता किंवा सँड वेज जीव तोडून मारता, आणि हे दोन्ही शॉट आपल्या पातळीच्या खेळाडूला सर्वांत अवघड. सात नंबरला मिळालेले यार्ड इथे हातचे जातात. सव्वा लाख मोजताना दुकानात कुणी ही दरी तुम्हाला दाखवली होती का?

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘ड्रायव्हरमध्ये वीस वर्षांत काही बदललं नाही’ असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं आणि मी लेखात दुरुस्ती करतोय. अमेरिकेतली यूएसजीए आणि स्कॉटलंडमधली आर अँड ए या दोन संस्था नियम करतात. त्यांनी हेडचा आकार ४६० घन सेंटिमीटरवर आणि फेसचा उसळीपणा एका मर्यादेवर बांधून ठेवलाय. त्यामुळे बॉल बरोबर मधोमध लागला तर दहा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा ड्रायव्हर यांत फारसा फरक दिसत नाही. पण आपला बॉल मधोमध लागतो किती वेळा? टोकाला किंवा टाचेला लागला तर नवं हेड कमी वळतं आणि बॉल वेग कमी गमावतो. तो फायदा खरा आहे. जुना लहान डोक्याचा ड्रायव्हर अजून वापरात असेल तर बदला, मी अडवणार नाही. पण तीन-चार वर्षांपूर्वीचाच ड्रायव्हर असेल तर ते पैसे धड्यांवर घाला.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. फिटिंगची गरज चोवीसवाल्याला जास्त असते. चांगला खेळाडू वाकड्या क्लबशी जुळवून घेतो, हाताने सावरतो. नवशिका सावरताना जे करतो तीच त्याची सवय होऊन बसते.

नेरुळचे एक निवृत्त काका खारघरला खेळतात. आपल्याकडे सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे म्हणून तर क्लबची मेंबरशिप नसलेली अशी माणसं खेळू शकतात. काकांची उंची पाच फूट चार इंच. सेट अमेरिकेतल्या भाच्याने दिलेला, आणि तो भाचा सहा फुटी. काकांचे आयर्नचे शॉट सगळे डावीकडे. खेळणारे मित्र सांगायचे, मनगट लवकर वळतंय. काकांनी वर्षभर मनगट धरून ठेवायचा सराव केला. मग बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

मी त्यांना काही सांगितलं नाही. पांढऱ्या बोर्डावर लिहायचं मार्कर घेतलं, बॉलवर एक जाड उभी रेघ काढली आणि रेघ क्लबच्या फेसकडे करून बॉल ठेवला. त्यांनी मारला. रेघेचा ठसा फेसवर उमटला, आणि त्याचं वरचं टोक क्लबच्या पंज्याकडे, म्हणजे शाफ्टपासून दूरच्या टोकाकडे, झुकलेलं होतं. दुसरा, तिसरा, दहावा बॉल, प्रत्येक वेळी तसाच झुकलेला. बॉल लागताना क्लबचा पंजा जमिनीवरून उचललेला होता. पंजा वर असला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस डावीकडे बघतो. स्विंग कितीही चांगला असला तरी बॉल तिकडेच जाणार. त्यांचं मनगट निर्दोष होतं.

फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न होते, म्हणून मशीनमध्ये धरून प्रत्येक क्लबचा लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, दोन अंश सपाट केला. शाफ्ट अर्धा इंच कापले. कास्ट (ओतीव) आयर्न असते तर मी इतक्या सहज वाकवले नसते, ते मानेशी तडकू शकतात. काका ते दहा क्लब काखेत मारून निघाले, तेव्हा नव्या सेटचं नावही कुणी काढलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पांडवकड्याच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहिले आणि बॉल सरळ गेला. मला फोन आला तेव्हा आवाज भरून आला होता. एक वर्ष ते स्वतःच्या शरीराला दोष देत होते, ठाणेकर. मी एवढ्या तळमळीने लिहितो ते यासाठी.

ही मार्करची युक्ती तुम्हीही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) करा, फुकट आहे. रेघ सरळ उमटली तर लाय ठीक. पंज्याकडे झुकली तर क्लब जास्त उभा, टाचेकडे झुकली तर जास्त सपाट. एका बॉलवरून ठरवू नका, दहा मारा.

आणि ग्रिप. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात रबर वर्षा-दीड वर्षात चकचकीत आणि टणक होतं. हातातून क्लब निसटेल या भीतीने माणूस मूठ आवळतो. मूठ आवळली की कोपरापर्यंत सगळं ताठ होतं आणि वेग जातो. माझ्याकडे ‘शाफ्ट बदलायचाय’ म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचं काम ग्रिपवरच भागतं. आधी भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन घासा, सावलीत वाळवा. चिकटपणा परत आला तर अजून काही महिने निघतील. नाही आला तर नव्या घाला, आणि घालताना जाडी बघा. बोटांची टोकं तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे.

पुढे कधी काही घ्यायचंच ठरलं, तर स्वतःचा क्लब घेऊन जा. दुकानातल्या लाँच मॉनिटरसमोर (शॉट मोजणाऱ्या यंत्रासमोर) आधी त्याने मारा, मग नव्याने, आणि दोन्हीला बॉल एकच वापरा. पडद्यावरचा सर्वांत लांब आकडा सोडून द्या. दहा बॉलची सरासरी किती, आणि ते डावी-उजवीकडे किती पसरले, हे विचारा. मॅटवर मारताना एक धोका असतो. क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि शॉट ठीक दिसतो. तोच खऱ्या गवतात मातीसकट दहा यार्ड जातो. शाफ्टवरच्या ‘रेग्युलर’, ‘स्टिफ’ या शिक्क्यांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक असू शकतो. म्हणून शिक्का बघून घेऊ नका, मारून बघून घ्या.

तुमचा सेट परत करा असं मी म्हणणार नाही. तो तुम्हाला आवडलाय, हातात घेतल्यावर खेळावंसं वाटतं, आणि याला मोल आहे. मात्र ती बारा अंशांची दरी भरायला आता पन्नास अंशांचा आणखी एक वेज विकत घेऊ नका. माळ्यावर चढा. जुन्या सेटमधला पिचिंग वेज काढा. लॉफ्ट बहुधा ४८च्या आसपास निघेल, पण मोजून घ्या, मी बसल्या जागी मोजून देईन, त्याचे पैसे नाहीत. ग्रिप नक्कीच कडक झाली असेल, ती बदलावी लागेल. नियमाने बॅगेत चौदा क्लब चालतात, तुमच्याकडे जागा असेल. नव्या पिचिंग वेजच्या आणि सँड वेजच्या मधे तो ठेवा आणि ऐंशी यार्डांवरून वीस बॉल मारून बघा.