दोन शू आणि एक उलटी

पुण्याच्या भूगोलाने पुण्यातल्या आईवडिलांवर मोठा अन्याय केला आहे. शहरातून कोणत्याही दिशेला गाडी वळवली, तरी तीस-चाळीस किलोमीटरच्या आत एखादा गड, एखादे धरण, एखादे देऊळ नाहीतर लेणी आडवी येतातच, आणि त्यामुळे ‘फार लांब पडतं हो, मुलं लहान आहेत’ ही जी सबब इतर गावांतल्या पालकांना सहज मिळते, ती आम्हाला मिळत नाही. सिंहगड तर आमच्या गच्चीतूनच दिसतो. शनिवारी संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेलेला नवरा समोरचा दूरदर्शनचा मनोरा पाहून खाली येतो आणि कपड्यांची बादली तिथेच विसरून म्हणतो, “उद्या मुलांना गडावर नेऊ या.”

लहान मुले नसलेल्या माणसांसाठी सिंहगड शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. सिंहगड हा दोन शू आणि एक उलटी इतका लांब आहे, बनेश्वर एक शू आणि टोलनाक्यावरचे एक भांडण, तर लोणावळा, द्रुतगती मार्गावर वाटेल तिथे गाडी थांबवता येत नसल्यामुळे, कोणत्याही मोजमापाच्या पलीकडे आहे. या एककाचा एकच दोष असा, की ते घरातून निघताना शून्यावर आणता येत नाही. आमची सहा वर्षांची थोरली आणि तीन वर्षांचा धाकटा निघण्यापूर्वी ‘शू आलीच नाही’ असे इतक्या गांभीर्याने सांगतात, की त्यावर अविश्वास दाखवणे असभ्यपणाचे वाटावे. राजाराम पूल ओलांडला, की मग थोरलीला आठवते. तिला आठवले, की धाकट्यालाही आठवते.

सकाळी सातला निघायचे ठरलेले असते, कारण रविवारी नऊनंतर सिंहगडाच्या वाटेला लागणारा माणूस गडावर न पोहोचता रांगेत पोहोचतो, आणि वरचा वाहनतळ भरला की पायथ्याशीच गाड्या थोपवून धरतात. पण सातची वेळ पाळायची म्हणजे मुलांनी सहाला उठायला हवे. एरवी रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या पोटावर बसून दूध मागणारी ही मुले सहलीच्या दिवशी मात्र अशी गाढ झोपलेली असतात, की त्यांना उठवायचे पाप कोणी करायचे यावर आम्हा दोघांत कुजबुजत्या आवाजात वाद होतो. तोवर सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या, आवळासुपारी आणि हुंगायला लिंबू अशी पिशवी भरून दारात ठेवलेली असते. त्या स्वतः कधी येत नाहीत. “तुम्ही जाऊन या, मी घर बघते,” असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, ते पाहता त्या रविवारी खरी सहल कोणाची होते हे उघड आहे. सासरे मात्र नेमाने येतात, पुढच्या सीटवर बसतात आणि गाडी सुरू झाल्यावर विचारतात, “चाकांत हवा बघितलीस का?”

मोठ्यांची सहल आणि मुलांची सहल एकाच गाडीतून निघते, पण दोन वेगळ्या ठिकाणी जाते, असे माझे ठाम मत झाले आहे. नवरा निघालेला असतो तो सिंहगडाला. धाकटा निघालेला असतो तो निव्वळ रस्त्यावर, आणि धायरी फाट्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला एखादा पिवळा जेसीबी खोदकाम करताना दिसला, की त्याच्या दृष्टीने मुक्काम आलेला असतो. मग गाडी बाजूला घेणे भाग पडते. तो लोखंडी पंजा खाली जातो, दातांनी माती उचलतो, वळून मालमोटारीत रिकामी करतो, आणि पंज्याच्या कडेला चिकटून राहिलेले एक ढेकूळ चालकाने झटका दिल्यावर पडते. त्या ढेकळाला धाकट्याने टाळ्या वाजवल्या, तेव्हा चालकाने केबिनमधून त्याला सलाम ठोकला. पुढच्या सबंध दिवसात इतका आदर आमच्यापैकी कोणालाही मिळाला नाही. पुण्याच्या रस्त्यांच्या कामांविषयी लोक तावातावाने बोलतात, पण ही कामे तीन वर्षांच्या नागरिकांसाठी किती मनोरंजक आणि विनामूल्य आहेत, याची नोंद कोणी घेत नाही.

खडकवासल्याला पाणी दिसले, की सासरे बोलू लागतात. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले, हे ते दर वेळी तितक्याच तन्मयतेने सांगतात, कारण तेव्हा ते थोरलीच्याच वयाचे होते आणि मामाच्या कडेवर बसून बाहेर पडले होते. थोरलीने सगळे ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि विचारले, “आजोबा, मग शाळेला सुट्टी होती?” आजोबा म्हणाले, “होती.” “किती दिवस?” “बरेच दिवस.” यावर तिने धरणाच्या भिंतीकडे ज्या नजरेने पाहिले, ती पाटबंधारे खात्याने पाहायला हवी होती.

पायथ्याच्या नाक्यावर वन विभागाचे उपद्रव शुल्क भरावे लागते. पावती गाडीमागे एक अशी फाडतात. आमच्या मागच्या सीटकडे पाहता ती माणशी असती, तरी आमची तक्रार नसती. तिथून घाट सुरू होतो आणि ‘आई, पोटात कसंतरी होतंय’ हे वाक्य कोणत्या वळणावर येणार एवढाच प्रश्न उरतो. यामागचे शास्त्र साधे आहे. गाडी वळते आहे हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळते, पण बुटक्या मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त पुढच्या सीटची पाठ असते आणि ती जागची हलत नाही. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि शिक्षा पोटाला होते. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक असतो, म्हणजे सहलीला नेण्याचे जे वय मानले जाते, नेमका त्याच वयात. मुलाला बाहेरचे दिसेल असे उंच बसवावे, लांबच्या डोंगराकडे पाहायला सांगावे, हातात मोबाइल देऊ नये आणि निघताना पोट तट्ट भरू नये, हे उपाय खरोखर उपयोगी पडतात. मात्र शेवटचा उपाय आजीच्या घरातून निघणाऱ्या मुलांवर करता येत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या उपद्रव शुल्काच्या पावतीवर परत आल्या.

गडावर नवऱ्याचे इतिहासाचे व्याख्यान असते. ते तो आदल्या रात्री मनात घोळवतो. 1670 सालच्या फेब्रुवारीतली ती रात्र, कडा चढून जाणारे मावळे, तानाजी पडल्यावर सूर्याजीने फिरवलेली लढाई, हे सगळे तो पुणे दरवाजाशी उभा राहून सांगतो, तेव्हा आजूबाजूचे दोन-तीन अनोळखी लोकसुद्धा थांबून ऐकतात. आमची मुले मात्र ऐकत नव्हती. थोरलीने घोरपडीच्या दंतकथेशीच गाडी अडवली. घोरपडीचे नाव काय होते, तिला दोर बांधल्यावर दुखले का, आणि लढाई संपल्यावर तिला कोणी घरी सोडले, या प्रश्नांची उत्तरे बापाकडे नव्हती. धाकटा दरवाजाच्या पायरीवर पालथा पडून मुंग्यांची रांग पाहत होता. एक मुंगी स्वतःहून मोठा शेवेचा तुकडा ओढत चालली होती, तो दगडांच्या फटीत अडकला, तेव्हा धाकट्याने करंगळीने तो अलगद सुटा करून दिला आणि “जा आता,” असे तिला सांगितले. हे पाहायला मीच तेवढी होते. मला ते व्याख्यानापेक्षा जास्त आवडले, पण तसे नवऱ्याला सांगितलेले नाही.

पिठले-भाकरीविषयी फार लिहीत नाही. चुलीवरची भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही समोर आल्यावर दोन्ही मुलांनी नूडल्स मागितल्या, आणि नूडल्स आल्यावर माझी भाकरी खाल्ली. परतताना गाडीत दोघेही टक्क जागे राहून भांडत राहिले आणि घराच्या शेवटच्या चौकातल्या सिग्नलला एकदम झोपले, असे झोपले की जिन्यावरून नेताना दोघांचे वजन दुप्पट झाले होते. संध्याकाळी सहाला झोपलेली मुले रात्री किती वाजेपर्यंत जागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी सांगायला नको.

त्यानंतरच्या रविवारी मी जवळचे ठिकाण काढले. सारसबागेशेजारचे पेशवे पार्क, शून्य उलट्या. तिथले प्राणी कात्रजला हलवून बरीच वर्षे उलटून गेली, तरी सासरे अजून ‘वाघ बघायला’ असेच म्हणतात. वाघ नसला तरी 1956 पासूनची फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी मात्र आहे, आणि लहानपणी आपण तिच्यात बसलो होतो हे सासऱ्यांनी वाटेत सविस्तर सांगितले. आम्ही रांग लावली, तिकिटे काढली, आणि डब्यापाशी पोहोचताच धाकट्याने जाहीर केले, की तो बसणार नाही. तो बसणार नाही म्हणून थोरलीही बसणार नाही. समजूत घालण्यात शिट्टी झाली. काढलेली तिकिटे फुकट जाऊ देणे सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला शक्यच नव्हते, त्यामुळे सासरे गुडघे पोटाशी घेऊन त्या चिमुकल्या डब्यात एकटेच बसले आणि गाडी निघाली. ती वळणाआड गेल्याबरोबर दोन्ही मुलांनी, आपल्याला सोडून गाडी गेली, म्हणून भोकाड पसरले. फेरी पूर्ण करून गाडी परत आली तेव्हा दोघेही डब्याकडे धावले. आता प्रश्न इतकाच होता, की आजोबा उतरायला तयार नव्हते, उरलेली तिकिटे खिशातून काढून ते नवऱ्याला म्हणाले, “यांना पुढच्या डब्यात बसव. मी इथेच ठीक आहे.”